फाळक्यावरची थाप

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटेचे पावणेपाच म्हणजे अर्धा दिवस उरकलेला असतो. टोमॅटोचे क्रेट भरून एक छोटा हत्ती गाळ्यासमोर उभा होता. हिरवी नंबरप्लेट, तिच्यावर पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याची इलेक्ट्रिक गाडी. शेवटचा क्रेट हौद्यात सरकला. हमालाने फाळका उचलून दोन्ही बाजूंच्या कड्या लावल्या, खांद्यावरचं फडकं झटकलं आणि सवयीने हात उचलला, फाळक्यावर दोन थापा मारायला. पण थाप पडलीच नाही. आरशात फाळका लागलेला दिसताच ड्रायव्हरने गाडी काढली होती आणि ती निघाली हे हमालाच्या कानाला कळलंच नव्हतं. उघडा तळवा हवेतून गेला, त्याबरोबर तो अर्धं पाऊल पुढे झुकला आणि सावरून तसाच उभा राहिला. गाडी तोवर पंधरा-वीस फूट पुढे गेली होती. कुणी हसलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढची गाडी मागे घेत होते, तिचा धूर गाळ्यात भरत होता, अडत्याचा माणूस पावती शोधत होता.

तो हवेत राहिलेला हात मात्र डोक्यातून जाईना.

फाळक्यावरच्या थापेला यार्डात भाषेचा मान आहे. एसटीच्या घंटीसारखीच ती चालते: एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. गाडी मागे घेताना सारख्या हलक्या थापा पडत राहतात, ‘येऊ द्या, येऊ द्या’, आणि भिंत जवळ आली की एकच जोरात. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, हौदा भरला की आरशातलंही निम्मं झाकलं जातं, त्यामुळे पत्र्यातून येणारी ही थाप म्हणजे त्याचे मागचे डोळे. आणि थापेला उत्तर असायचं इंजिनाचं. दोन थापा, मग क्लच दाबल्यावर किंचित बदललेला सूर, गिअरची कड्‌कन, आणि मग तो घरघरता जोर. हमाल त्या जोरावर पाठ फिरवायचा, कारण तेवढा आवाज आला म्हणजे आपलं काम संपलं. इलेक्ट्रिक गाडीने यातलं उत्तर काढून घेतलं. थाप मारावी तर ती पोचली की नाही हे कळायला काही मार्ग नाही, आणि गाडी उभी आहे की निघाली हे बघितल्याशिवाय समजत नाही.

आपल्याकडे मालवाहू छोट्या गाडीला ‘टेम्पो’ म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. तो शब्द हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीचा. तिच्या तीनचाकी गाड्या आपल्याकडे बजाज टेम्पो या नावाने बनू लागल्या आणि गाडीचं नाव साऱ्या जातीलाच चिकटलं. कंपनीने २००५ मध्ये स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, तरी रस्त्यावरचा टेम्पो टेम्पोच राहिला. त्याच २००५ मध्ये टाटा एस आली, ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि १६ अश्वशक्ती घेऊन, आणि बघता बघता तिचा छोटा हत्ती झाला. दोन सिलिंडरची गाडी म्हणजे थरथर आलीच. चार सिलिंडरमध्ये एकाचा धक्का दुसरा सावरतो, दोनमध्ये तेवढी माणसंच नाहीत सावरायला. उभ्या गाडीत आरसा थरथरायचा, दाराची काच खुळखुळायची, डॅशबोर्डवरचा गणपती सतत मान हलवायचा. इंजिन सीटच्या खालीच असल्यामुळे मे महिन्यात मांडीखाली तवा ठेवल्यासारखं व्हायचं. हे सगळं कौतुकाने सांगण्यासारखं नाही. दिवसाला दहा तास ती थरथर अंगात घेणाऱ्याच्या कमरेला विचारावं. पण त्या थरथरीत माहिती होती, आणि ड्रायव्हर ती माहिती वाचत होता.

इलेक्ट्रिक छोट्या हत्तीत शेजारच्या सीटवर बसलं की पहिली जाणवते ती किल्ली फिरवल्यानंतरची जागा. जिथे स्टार्टरचा आवाज यायला हवा तिथे फक्त एक ‘खट्’ येतो, खालून, हौद्याच्या बाजूने. तो कॉन्टॅक्टरचा आवाज. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठा रिले, मुख्य बॅटरी आणि मोटर यांच्यामधलं लोखंडी दार. हे दार उघडल्याशिवाय गाडीत जीव येत नाही. मग बारीक घूं-घूं, शीतकरणाचा पंप फिरत असतो. ब्रेक दोन-तीनदा दाबला की कुठूनतरी ‘घर्र’ करून तीन-चार सेकंद दुसराच पंप चालतो. ब्रेकला लागणारी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, डिझेल गाडीत इंजिनाच्या जोरावर तयार होते. इंजिनच नाही म्हटल्यावर त्यासाठी वेगळा विजेचा पंप बसवावा लागतो. नव्या ड्रायव्हरला हा आवाज बिघाडाचा वाटतो. तो बिघाड नाही. बिघाड तेव्हा, जेव्हा ब्रेकला पाय न लावताही हा पंप दर मिनिटाला चालू-बंद होतो. मग कुठेतरी नळीतून हवा शिरते आहे असं समजावं आणि गाडी घाटात न्यायच्या आधी ते बघून घ्यावं.

आणि मग गाडी सुटते. खांब मागे सरकायला लागतो म्हणून कळतं. एस ईव्ही, म्हणजे हाच इलेक्ट्रिक छोटा हत्ती, २०२२ मध्ये आली तेव्हा कागदावर २७ किलोवॅट, म्हणजे ३६ अश्वशक्ती, आणि १३० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, होता. जुन्या डिझेलच्या इंजिनाचा टॉर्क याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, म्हणून कुणी ‘तिप्पट ओढते’ म्हणतं, पण हिशेब तसा सरळ नाही. डिझेल गाडीत पहिला गिअर इंजिनाचा टॉर्क कितीतरी पटीने वाढवून चाकाला देतो; इलेक्ट्रिकमध्ये एकच ठरलेला गिअर. खरा फरक वेळेचा आहे. डिझेलला जोर यायला फेरे चढवावे लागतात, अर्धा क्लच दाबून ते सांभाळावे लागतात. मोटरला शून्य फेऱ्यांवरच पूर्ण जोर असतो. भरलेली गाडी खड्ड्यात पुढचं चाक घालून उभी असली तरी पाय ठेवला की ती उचलल्यासारखी बाहेर येते, क्लच जळाल्याचा वास न येता. भाजीच्या गाड्यांत मात्र हाच गुण उलटतो. डिझेलवर पाय बसलेला ड्रायव्हर तितक्याच जोराने पेडल दाबतो, गाडी झटक्याने पुढे जाते आणि क्रेट मागे सरकतात. वरच्या थरातले टोमॅटो फाळक्यावर आपटतात. पहिल्या पंधरा दिवसांत असा माल ठेचला जातो, मग पायाला अक्कल येते. जाणते ड्रायव्हर क्रेट पुढून भरत आणतात, मध्ये फट राहिली तर पोती किंवा गोणपाट दडपतात, आणि शेवटच्या रांगेवरून दोर आडवा घेऊन दोन्ही बाजूंच्या हुकांना ताणतात. डिझेलमध्ये हा दोर घाटापुरता असायचा, यात तो यार्डाच्या दारापासूनच लागतो.

थोडं अंतर गेलं की कान दुसरीकडे लागतात. इंजिनाखाली दबलेले आवाज एकेक करून वर येतात. दोराचा कुरकुर आवाज आहे, गाठ सैल होत आली की तो बदलतो. प्लास्टिकचे क्रेट एकमेकांवर घासून चीं चीं करतात. रिकामे क्रेट असले तर पोकळ खडखडतात, भरलेले असले तर खड्ड्यात एकच जड ‘धब्ब’ येतो. ताडपत्रीचं सुटलेलं टोक चाळीसच्या वेगाला फडफडतं आणि पन्नासला चाबकासारखं वाजतं. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज तर इतका स्पष्ट येतो, की गाडीत किती माल आहे ते डोळे मिटून सांगावं. रिकाम्या गाडीचे पाटे खणखणतात. सहाशे किलो भरले की ते एकमेकांवर बसतात आणि मऊ, दबका आवाज देतात. वजन जास्त झालं की खड्ड्यात खालचा रबराचा ठोकळा लागतो, ‘ठक्’ असा, आणि तो थेट मणक्यात पोचतो. एस ईव्हीची पहिली गाडी ६०० किलोची, म्हणजे पन्नास किलोच्या कांद्याच्या बारा गोण्या. २०२४ मध्ये १,००० किलोची आली. यार्डातली सवय मात्र जागा उरली की दोन नग अजून टाकायची आहे. डिझेलमध्ये तो जास्तीचा माल इंजिनाच्या कण्हण्यातून कळायचा. मोटर कण्हत नाही, ती तेवढीच शांतपणे ओढते. ती फक्त बॅटरीतून जास्त घेते, आणि बिल शेवटच्या पाच किलोमीटरला समोर येतं.

सासवडच्या बाजूने पुण्यात येणाऱ्या मालाची खेप या गाडीला फार शोभते. रात्री रिकामी गाडी दिवे घाट चढून जाते, पुरंदरचा वाटाणा, सीताफळ, अंजीर भरते आणि पहाटे भरलेली उतरते. तीसेक किलोमीटरचं अंतर. याचा हिशेब हाताने मांडता येतो, आणि प्रत्येक ड्रायव्हरने तो एकदा मांडावा. भरलेली गाडी माणसासकट अठराशे किलोच्या आसपास भरते. एवढं वजन शंभर मीटर उंच न्यायला अर्धं युनिट वीज लागते. रिकामी, बाराशे किलोची, असली तर युनिटचा तिसरा हिस्सा. घाटाची चढण दोनशे मीटर धरली तर रिकामी गाडी वर न्यायला, मोटरमधली गळती धरून, पाऊण युनिट गेलं. उतरताना भरलेल्या गाडीत एक युनिटभर ऊर्जा उंचीच्या रूपाने साठलेली असते. त्यातली काही टायरच्या घर्षणात, काही वाऱ्यात जाते, काही वीज मोटरमधून बॅटरीत जाताना गळते, आणि हाती येतं अर्धं युनिट किंवा त्याहून थोडं कमी. म्हणजे दोन-अडीच किलोमीटरची बेगमी. ‘उताराला गाडी फुकट चार्ज होते’ असं जे ऐकू येतं ते एवढंच. हे मोठं वाटत नसेल तर न वाटो. या उताराचा खरा फायदा आकड्यात नाही, ब्रेकमध्ये आहे. डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालूनही दिवे घाटाच्या खालच्या वळणांवर लायनर तापल्याचा तो करपट वास यायचा. इलेक्ट्रिकमध्ये पेडलवरचा पाय सैल केला की मोटरच मागे ओढते, गाडी स्वतःला धरून उतरते, आणि ब्रेक खाली पोचेपर्यंत हात लावण्याइतके थंड राहतात. काच उघडी असेल तर त्या वळणांवर रातकिडे ऐकू येतात. भरलेल्या टेम्पोत बसून रातकिडे ऐकणं ही गोष्ट कित्येक वर्षं या रस्त्यावर जाणाऱ्यालाही नवी वाटते.

पण इथेच सगळ्यात मोठी चूक होते.

बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही मागची ओढ मिळत नाही, किंवा नावापुरती मिळते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे ओतणार? गाडीचा कंट्रोलर, म्हणजे मोटरची वीज सांभाळणारा भाग, मोटरकडून येणारी वीज नाकारतो आणि गाडी मोकळी सुटल्यासारखी उताराला लागते. डिझेलमध्ये अशा वेळी खालचा गिअर हाताशी होता. यात गिअर एकच, म्हणजे सगळा भार ब्रेकवर. म्हणून घाटमाथ्यावरच्या गावात रात्री गाडी लावली असेल तर ती पूर्ण भरू नये, ऐंशी-पंच्याऐंशीला काढावी. दुसरीकडे, या गाड्यांत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या असतात आणि त्यांना अधूनमधून काठोकाठ भरणं गरजेचं असतं. या जातीच्या सेलचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळपास सपाट, ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास राहतो. व्होल्टेजवरून किती वीज उरली याचा अंदाज लागत नाही, म्हणून गाडी आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत बसते, आणि रोज थोडी चूक साठत जाते. पंधरा दिवस पन्नास ते ऐंशी एवढंच चालवलं की आकडा खोटा व्हायला लागतो. अठरा टक्के दाखवत असताना एकदम नऊ होतात आणि पुलावर कासवाचा दिवा लागून गाडी रांगायला लागते. आठवड्यातून एकदा पूर्ण भरली, भरल्यावरही तासभर तशीच लावून ठेवली, की सेल एका पातळीला येतात आणि आकडा पुन्हा खरा होतो. दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर सोपा नेम आहे: शंभर टक्के भरणं घाटाखाली, पुण्यात करायचं. वर नाही.

उताराबद्दल आणखी एक. ही ओढ मागच्या चाकांना लागते. पावसात, रिकाम्या हौद्याने, मागची चाकं आधीच हलकी असतात. वळणात एकदम पाय काढला तर ती घसरू शकतात. ओल्या रस्त्यावर पाय हळूहळू सैल करावा, चूल बारीक करतो तसा. आणि चढावर सिग्नलला थांबताना गाडी पेडलवर तोलून धरू नये. क्लचवर तोलण्याची सवय असलेले सगळे हे करतात. न फिरणाऱ्या मोटरच्या एकाच गुंडाळीतून तेवढा वेळ मोठा करंट जात राहतो आणि कंट्रोलर तापतो, मग ऐन सुटायच्या वेळी गाडी जोर कमी करते. हँडब्रेक ओढावा, सुटताना सोडावा. इतकं साधं आहे.

चार्जिंगची गोष्ट निघाली की सगळे पल्ल्याबद्दल बोलतात. गाडीचा जाहीर पल्ला १५४ किलोमीटर, बॅटरी २१.३ युनिटची. भरलेल्या गाडीने, शहरातल्या रांगेत, उन्हातान्हात शंभर-सव्वाशे धरून चालावं आणि पंधरा टक्के नेहमी मागे ठेवावेत. वेग जास्त ठेवला आणि हौद्यावर उंच माल असला तर वारा पल्ला खातो. टायरमध्ये हवा कमी असली तर तीही खाते, आणि ती खाताना ऐकू येत नाही. हे सगळं शिकता येतं. जास्त त्रास होतो तो भिंतीवरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटचा, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. गिझर जवळपास तेवढीच वीज दहा-पंधरा मिनिटं ओढतो. ही गाडी सात-आठ तास सलग ओढते. सॉकेटची पकड जराशी ढिली असेल तर तिथे उष्णता साठते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग वास. गाडी लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघावा: कोमट ठीक, चटका बसत असेल तर लगेच बंद. एक्स्टेंशन बोर्ड वापरूच नये. मीटरपासून सॉकेटपर्यंत वेगळी लाइन ओढावी, तार कमीत कमी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, आणि गळती ओळखून तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर लावावा. अर्थिंग खरी असावी, नळाला गुंडाळलेली नको. जुन्या गाळ्यांत आणि चाळीत ‘गाडी चार्ज घेत नाही’ अशी जी तक्रार असते, तीत पुष्कळदा गाडीचा दोषच नसतो. चार्जरला अर्थ सापडत नाही म्हणून तो सुरू होत नाही. आणि मीटरवर २१ नव्हे, २४ युनिटं पडतील हे मनाशी धरावं, कारण भरताना दहाएक टक्के गळती होतेच. युनिट दहा रुपये धरलं तरी एका भरण्याला अडीचशेच्या आत. सव्वाशे किलोमीटरला डिझेल भरणाऱ्याला या आकड्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण ही बचत ज्याच्याकडे स्वतःचं मीटर आणि गाडी लावायला जागा आहे त्याच्या वाट्याला येते. भाड्याच्या खोलीत राहणारा, रस्त्याच्या कडेला गाडी लावणारा ड्रायव्हर फास्ट चार्जरच्या रांगेत उभा राहतो, जास्तीचा दर देतो आणि त्या वेळात एक खेप घालवतो. मालवाहतुकीत सर्वात जास्त राबणाऱ्यालाच ही वीज महाग मिळते, याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

बिघाडांचंही रूप बदललं. सकाळी गाडी उठतच नाही, आणि मोठी बॅटरी मात्र ऐंशी टक्के भरलेली, असं झालं की आधी छोटी १२ व्होल्टची बॅटरी बघावी. तो ‘खट्’ करणारा कॉन्टॅक्टर तिच्यावर चालतो. रात्रभर हौद्याचा दिवा किंवा बाहेरून बसवलेला टेप चालू राहिला की ती बसते, आणि बाकी सगळं शाबूत असून दार उघडत नाही. यार्डात उंदीर फार. भाजीच्या वासाने गाडीखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. त्यात नारंगी आवरणाची वायर कुरतडलेली दिसली तर तिला हात लावायचा नाही, टेप गुंडाळायची नाही, गाडी तशीच ठेवून जाणकाराला बोलवायचं. नारंगी म्हणजे मोठ्या व्होल्टेजची. आणि हौद्याला जाळी, हुक, आडवा पाइप वेल्डिंग करून घ्यायची आपली जी जुनी रीत आहे, ती इथे सांभाळून. छोट्या बॅटरीचं टोक काढून, मुख्य बॅटरीचा सर्व्हिस प्लग जाणकाराकडून काढून, अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावूनच काम करावं. नाहीतर वेल्डिंगचा करंट वाट मिळेल तिथून जातो आणि कंट्रोलर निकामी होतो. नट-बोल्टने होत असेल तर वेल्डिंगच्या वाटेला जाऊच नये.

जुन्या ड्रायव्हरांच्या चेहऱ्यावर सुरुवातीला एक पोरकेपणा दिसतो. पोट भरण्याची काळजी त्यात कमी असते, कानाची जास्त. इंजिनाच्या सुरावरून ज्याला नोझल कधी साफ करायचा, फॅनबेल्ट कधी बदलायचा, ऑइल किती दिवस ढकलता येईल हे कळायचं, त्याच्यासमोर आता फक्त टक्के असतात. वीस वर्षांची विद्या एका ‘खट्’पाशी संपल्यासारखी वाटते. पण दोन-तीन महिन्यांनी शेजारी बसून ऐकावं. ‘मागचा डावा पाटा बोलतोय’, ‘टायर गातंय, हवा बघायला पाहिजे’, ‘व्हील बेअरिंगची सुरुवात आहे, चाळीसला गुणगुणतंय, वळणात थांबतंय’. डिझेलच्या घरघरीत हे बेअरिंग पार आवाज करेपर्यंत कळायचं नाही. कान तोच, त्याला आता बारीक ऐकायचं काम मिळालं आहे.

बाहेरच्यांच्या कानाचं मात्र अजून जमलेलं नाही. यार्डात माणसं पाठीवर पोतं घेऊन वाकून चालतात. त्यांना वर बघता येत नाही, ती कानाने रस्ता ओळखतात. वीसच्या वर वेग गेला की टायरचा आवाज पुरेसा होतो, त्याखाली ही गाडी सावलीसारखी येते, आणि यार्डात सगळं वीसच्या खालीच चालतं. परदेशात अशा गाड्यांना कमी वेगात आवाज करणारं यंत्र सक्तीचं झालं आहे, आणि आपल्याकडेही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये चारचाकी प्रवासी आणि मालवाहू इलेक्ट्रिक गाड्यांसाठी तसा मसुदा काढला. ते लवकर यावं. हॉर्न हे त्याला उत्तर नाही. पोतं घेतलेला माणूस हॉर्नने दचकतो, आणि पन्नास किलोखाली दचकणं फार वाईट.

तोच गाळा, तीच हिरवी पाटी, दुसरी पहाट. या वेळी कोबीच्या गोण्या. हमालाने कड्या लावल्या, पिन घातल्या, आणि हात उचलायच्या आधी क्षणभर थांबून गाडीच्या चाकाकडे बघितलं. चाक उभं होतं. मग दोन थापा. ड्रायव्हरची काच खाली होती. कोपर बाहेर आलं आणि त्याने आपल्या दाराच्या पत्र्यावर, बाहेरून, तळव्याने दोनदा तशीच थाप दिली. हमाल वळला आणि पुढच्या गाळ्याकडे निघाला. गाडी त्याच्यामागून, ओल्या फरशीवर टायर चिकटून सुटल्याचा बारीक आवाज करत, दाराकडे गेली.